जुन्या पडद्याची घडाई : प्रस्तावना

देहूच्या तुकोबांचा चित्रपट मी प्रथम पाहिला तो देहूपासून दोन-अडीच कोसांवर, निगडीच्या एका कामगार वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरात. मुंबई दूरदर्शन आठवड्यातून एकदा संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवीत असे, त्या काळची ही गोष्ट. आळीतल्या एकुलत्या कृष्णधवल संचासमोर वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसली होती. पहिल्या पाळीहून आलेले पुरुष भिंतीला पाठ टेकून अर्धवट पेंगत होते आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर घरधन्याच्या वृद्ध मातोश्री बसल्या होत्या. शेवटी वैकुंठाचे विमान आकाशात चढू लागले तेव्हा मातोश्रींचे हात आपसूक जोडले गेले, आणि नेमक्या त्याच क्षणी, इतका वेळ पेंगणारा त्यांचा फिटर मुलगा एकाएकी सावध होऊन म्हणाला, "कप्पी कुठं लावली असेल हो यांनी? तार तर कुठं दिसत नाही." खोलीत हशा पिकला. मातोश्रींनी लेकाला दटावले.

तो प्रश्न मला त्या वेळी अरसिकपणाचा नमुना वाटला होता. पुढे 'प्रभात'च्या जुन्या मंडळींविषयी जसजसे वाचीत गेलो, आणि ज्यांनी ते विमान चढविले ती माणसे स्वतःच रंगकाम, नेपथ्य, यंत्रकाम अशा हातांच्या विद्यांतून पुढे आलेली होती हे जसजसे ध्यानात येत गेले, तसतसे मला वाटू लागले की त्या संध्याकाळी चित्रपट खऱ्या अर्थाने पाहिला तो दोघांनीच, हात जोडणाऱ्या आईने आणि कप्पी शोधणाऱ्या मुलाने. प्रस्तुत ग्रंथ त्या मुलाच्या जातकुळीच्या माणसाने लिहिला आहे. ग्रंथकर्त्यांची पस्तीस वर्षे चिंचवड आणि भोसरी येथील टूलरूमांत गेली. चित्रपटविद्येची कोणतीही सनद त्यांच्यापाशी नाही. जे पाहिले ते पाळ्यांच्या उलटसुलट चक्रातून वेळ काढून पाहिले, आणि जे लिहिले ते जॉब हाती घेऊन त्याची घडाई, त्याचा माप-जोख, त्यावर चाललेला हात तपासावा तशा वृत्तीने लिहिले. जुन्या चित्रपटांवरील आपल्याकडचे पुष्कळसे लेखन एकतर आठवणींच्या अत्तरात बुडालेले असते, नाहीतर सिद्धान्तांच्या ओझ्याखाली वाकलेले. तिसरी वाट असू शकते, आणि ती कारखान्याच्या फाटकातून जाऊ शकते, असे या ग्रंथाचे सांगणे आहे.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा हा मुलूख यंत्रांचा. येथे १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने शेतांचे भूखंड केले, पुढे मोटारी आणि दुचाकी आल्या, आणि चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारापलीकडे जगभरच्या कंपन्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी जुन्या पडद्याची चर्चा कशासाठी? आक्षेप मला मान्य नाही. चित्रपट ही यंत्रयुगात जन्मलेली कला आहे. दातेचाके, भिंगे आणि रसायने यांच्यावाचून तिचे पानही हलत नाही, आणि तिचा सुवर्णकाळ म्हणून जो समजला जातो तो, हॉलिवूडमध्ये काय किंवा आपल्याकडे काय, कारखानदारीचाच काळ होता.

दादासाहेब फाळके यांच्यापासूनच पाहावे. छापखाना, छायाचित्रण, जादूचे प्रयोग अशा अनेक धंद्यांतून फिरून आलेल्या या गृहस्थाने १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला. वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतची वाढ थोडीथोडी चित्रित करून एक लहानशी फिल्म सिद्ध केली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. कोऱ्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घरातच केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केलेली होती, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. यातील शेवटचा तपशील सर्वांना ठाऊक असतो. सरस्वतीबाईंचा तपशील पुष्कळांना नसतो. ग्रंथकर्त्यांनी तो आधी सांगितला आहे, यावरून त्यांची नजर कोठे आहे ते समजते.

त्यानंतरची पेढी कोल्हापूरची. बाबूराव पेंटर हे चित्रकार आणि यंत्रज्ञ एकाच देहात नांदणारे गृहस्थ. परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडविला, आणि १९२० च्या 'सैरंध्री'तील कीचकवध इतका हुबेहूब वठला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी जातो; त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण होता, तोच पुढचा व्ही. शांताराम. पेंटरांच्या हाताखाली शिकलेली चौघे मंडळी, व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी यांचे भांडवल पाठीशी घेऊन १ जून १९२९ रोजी 'प्रभात' स्थापन करती झाली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट या कंपनीने काढला. मराठीबरोबर हिंदीतही काढला, म्हणजे तेच प्रसंग दोन भाषांत दोनदा चित्रित केले. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली.

येथे थोडे थांबले पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेस, त्या वेळी जवळजवळ रानात, 'प्रभात'ने जे उभारले ते नाटक मंडळीचे बिऱ्हाड नव्हते. तो पूर्ण अर्थाने कारखाना होता. सुतारशाळा, शिवणखाते, रंगशाळा, रसायनशाळा, ध्वनिमुद्रणाचे दालन अशी खाती एकाच आवारात होती, आणि नटनट्यांपासून दिवेवाल्यांपर्यंत माणसे दरमहा पगारावर होती. पार्श्वगायनाचा प्रघात अद्याप रुळलेला नव्हता, म्हणून जो गातो तोच दिसतो, आणि मायक्रोफोन कोठे दडवावा हा रोजचा पेच. 'कुंकू'मध्ये (१९३७) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला पूर्ण फाटा दिला. जो आवाज ऐकू येतो तो दृश्यातीलच कोठल्या तरी वस्तूचा वा माणसाचा, आणि म्हातारा नवरा व कोवळी बायको यांच्या घरातील घड्याळाची टिकटिक हाच त्या चित्रपटाचा ताल. शॉपमध्ये नुसत्या आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखणाऱ्या माणसाला हा चित्रपट कसा ऐकावा हे शिकवावे लागत नाही. त्याच चित्रपटात शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीचे एक इंग्रजी काव्य गाण्यासाठी दिलेले आहे, हे सांगितले की आजही ऐकणारे चकित होतात.

आता १९३६ या सालाकडे येतो, कारण या ग्रंथाचा आस तेथे आहे. त्या वर्षी अमेरिकेत चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आला आणि पुण्यात दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम'. या दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी आपल्या पट्ट्यातील माणसाने ते एकापाठोपाठ पाहावेत असा ग्रंथकर्त्यांचा आग्रह आहे, आणि मी तो मनापासून उचलून धरतो. चॅप्लिनचा कामगार दोन हातांत दोन पाने धरून सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळीत राहतो, काम थांबले तरी त्याचे हात थांबत नाहीत, आणि मालकाने जेवणाची सुट्टी वाचविण्यासाठी आणलेले घास भरविणारे यंत्र त्याच्याच तोंडावर उलटते. त्या यंत्रापाशी जगभरचे प्रेक्षक हसतात. लाइनवर काम केलेली माणसे हसतात ती दुसऱ्या जागी: तो शौचालयात जाताना वेळेच्या यंत्रात कार्ड घालतो, आणि आत विडी शिलगावतो न शिलगावतो तोच भिंतीवर मालकाचा प्रचंड चेहरा उमटून कामावर पिटाळतो, तेथे. हसू एकच, पण त्यात खाऱ्या पाण्याचा अंश वेगळा असतो.

दुसरीकडे तुकोबा. देहू, भंडारा, इंद्रायणी आणि भामचंद्राचा डोंगर ही सारी या पट्ट्याच्या शिवेवरची स्थळे. भामचंद्राच्या पायथ्याशी तर आता चाकणची औद्योगिक वसाहत येऊन ठेपली आहे. पडद्यावरचे देहू मात्र 'प्रभात'च्या कारागिरांनी उभारलेले आहे, आणि त्या उभारणीचे सूत्रधार फत्तेलाल हे जन्माने मुसलमान. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट. त्यांच्या तुकोबांत अभिनय कोठे संपतो आणि भजन कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. गौरी यांची जिजाई त्याहून मोठी असे माझे मत आहे. मूल आजारी असता देवावर पायताण उगारणारी, म्हशीवर जीव टाकणारी, वैकुंठाचे विमान दाराशी आले तरी संसार सोडून न जाणारी ही बाई पडद्यावर आली की चमत्कारांना जमीन मिळते. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग इतका अस्सल वठला की जाणत्यांनीही तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. कारखाना येण्यापूर्वीचा हा मुलूख आणि कारखाना आल्यानंतरचा माणूस, दोन्ही एकाच वर्षी, दोन टोकांना, पडद्यावर बंदिस्त झाले, हा योगायोग ज्याला विलक्षण वाटत नाही त्याने हा ग्रंथ येथेच मिटावा.

हॉलिवूडचे नाव आले म्हणजे ताऱ्यांचे नाव निघणारच. मुंबईचे मेट्रो चित्रपटगृह १९३८ साली अमेरिकेच्या एम. जी. एम. कंपनीनेच उघडले, पुण्याच्या लष्कर भागात वेस्ट एंडला इंग्रजी बोलपट लागत, आणि गार्बो, बोगार्ट, बर्गमन ही नावे ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्यांच्याही तोंडी रुळली. पण हे तारे आकाशात नव्हते, करारात होते. कंपनी सांगेल ती भूमिका, कंपनी ठरवील तो पगार, नकार दिला तर बिनपगारी घरी, आणि घरी बसलेले दिवस कराराच्या मुदतीत पुन्हा वाढवून घ्यायचे! या वहिवाटीविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने वॉर्नर कंपनीला कोर्टात खेचले आणि १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे त्याआधीच असे घडून गेलेले आहे. भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणविला गेलेला मास्टर विठ्ठल 'शारदा' कंपनीचा करार सोडून 'आलम आरा' या बोलपटाकडे गेला तेव्हा त्याचे वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतले होते. आणि १९३९ साली शांता आपटे कराराच्या तंट्यावरून 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणास बसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तकच लिहिले. ज्या मुलखात गेटसभा, लाल बावटा आणि वेतनकराराची बोलणी हे नित्याचे व्यवहार आहेत, त्या मुलखातील वाचकाला तारकेचे हे रूप अधिक ओळखीचे वाटेल. सौंदर्याचे कौतुक करणारी पुस्तके उदंड आहेत. फाटकाशी बसलेल्या शांताबाईंचे प्रकरण या ग्रंथात जसे लिहिले गेले आहे तसे मी अन्यत्र वाचलेले नाही.

'प्रभात'च्याच 'शेजारी'चा (१९४१) उल्लेख टाळता येत नाही. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका गावातील जिवलग; धरणाच्या कंपनीचा माणूस येतो, जमिनीचा प्रश्न येतो, आणि दोघांत फूट पाडली जाते. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी हे दोन म्हातारे उभे केले. हिंदी आवृत्तीत तर हिंदू पाटलाची भूमिका मझहर खान यांना आणि मुसलमानाची जागीरदारांना देऊन शांतारामबापूंनी आपले म्हणणे बोलल्यावाचून सांगितले. धरण फुटण्याचे दृश्य त्या काळच्या मानाने थक्क करणारे आहे. परंतु ज्या घरांत भूसंपादनाच्या नोटिशीने भावाभावांचे बोलणे तुटले, सातबाऱ्यावरील नावांवरून चुली वेगळ्या झाल्या, त्या घरांतील माणसे हा चित्रपट पाहताना धरणापर्यंत पोहोचण्याआधीच गप्प होतात. मी हे पाहिले आहे.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण ग्रंथात तो विस्ताराने आहे. मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांनी 'ब्रह्मचारी'पासून (१९३८) मराठी पडद्याला मोकळे हसू दिले. १९४२ मध्ये शांतारामबापू 'प्रभात' सोडून मुंबईस 'राजकमल' उभारण्यास गेले. युद्धोत्तर काळात राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीने 'लाखाची गोष्ट'सारख्या चित्रपटांतून मध्यमवर्गीय घर पडद्यावर आणले; अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले; आणि अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून तमाशापटांचे युग सुरू केले. त्या युगाने आम्हाला जयश्री गडकर दिल्या, हंसा वाडकरांचे उत्तरायुष्य दिले, आणि पुष्कळसा कचराही दिला. ग्रंथकर्ते कचऱ्याविषयी माझ्याहून सौम्य आहेत. चिंचवडच्या वाचकासाठी एक शेवटची खूण: चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' हा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा चित्रपट जुन्या परंपरेत मोडत नाही, तरी तो ग्रंथात आहे, आणि चिंचवडच्या माणसाच्या ग्रंथात तो नसता तर नवल वाटले असते.

हे सारे आजच का, याचे उत्तर भावनेपेक्षा रसायनशास्त्रात आहे. जुनी फिल्म नायट्रेटची. ती स्वतःहून कुजते आणि ठिणगी लागली तर पाण्याखालीही जळत राहते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच हाती आहे. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांपैकी अगदी थोड्यांच्याच प्रती, त्याही बहुतेक तुटक, शिल्लक आहेत. ज्या 'प्रभात'च्या आवारात १९६० पासून चित्रपटविद्येची शासकीय संस्था चालते, तेथीलच कोठारास २००३ साली आग लागून नायट्रेटवरील अमोल ठेवा भस्म झाला. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे जमविले नसते तर फाळक्यांचे नावच आपल्यापाशी राहिले असते, चित्रे नाहीत. जुनी फिल्म आकसते, तिची भोके दातेचाकावर बसेनाशी होतात, आणि मग ती पुन्हा चालविण्यासाठी कोणातरी कुशल माणसाला दाताचे माप नव्याने धरावे लागते. या कामाचे वर्णन ग्रंथकर्त्यांनी केले आहे ते वाचताना मला त्यांच्या टूलरूमचा वास आला.

आज हे चित्रपट कंपनीच्या बसमध्ये, हातातल्या मोबाइलवर, नाशिक फाटा ते चाकण या गर्दीतही पाहता येतात, आणि नेमकी तेथेच अडचण आहे. 'माणूस' या बोलपटातील हवालदार गणपत आणि मैना यांच्यातील अवघडलेले मौन बोटाने पुढे सरकवायचे नसते. जुन्या नटांचे बोलणे आपल्या कानाला नाटकी वाटते, कारण ती माणसे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्याच्या शिक्षणातून आलेली होती. गाणी लांब वाटतात, कारण प्रेक्षक गाण्यांसाठीच पुन्हा येत. नवख्या वाचकाने पहिली वीस मिनिटे तक्रार न करता काढावीत. त्यानंतर चित्रपटाचा वेग आपल्या अंगात उतरतो. न उतरला तर तो चित्रपट सोडून द्यावा. जुने आहे म्हणून थोर, हा नियम या ग्रंथाला मान्य नाही आणि मलाही नाही.

ग्रंथकर्त्यांशी माझे दोन मतभेद आहेत आणि प्रस्तावनाकाराच्या जुन्या हक्काने ते येथे नमूद करतो. दादा कोंडके यांना त्यांनी एका तळटीपेत गुंडाळले आहे. 'सोंगाड्या'च्या वेळी या वसाहतींतील थिएटरांसमोर ज्या रांगा लागत त्या पाहिलेल्या माणसाने असे करावे याचे मला आश्चर्य वाटते. दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) हा लोहार नवराबायकोचा चित्रपट. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी तो केला, 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकर यांनी त्याला संगीत दिले, आणि त्यातील ऐरणीचे गाणे भोसरीतल्या कित्येक शेडमध्ये खंडेनवमीला अजूनही लावले जाते. ज्याने आयुष्यभर लोखंडाशी व्यवहार केला त्या ग्रंथकर्त्याने या चित्रपटाला दीड पान द्यावे? मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, त्याच्यावर लिहायला बसलो की तोच पुन्हा लावून बघत बसायचो, लिहिणं राहूनच जायचं." दुसऱ्या आवृत्तीत ही बाकी चुकती करण्याचे त्यांनी कबूल केले आहे.